प्राचीन मराठींतील अर्थांतर पावलेले शब्द आणि पोथ्यांचे पाठ

(१) जुनी मराठी पोथी वाचणारास दोन प्रकारचे शब्द अडवितात. पहिल्या प्रकारचे शब्द मुळींच ओळखीचे नसतात. ‘आथि’ म्हणजे आहे, ‘पेणें’ म्हणजे प्रवासांतील मुक्काम, ‘वोळगणें’ म्हणजे सेवा करणें. हे शब्द आज कोणी बोलत नाहीं. दुसऱ्या प्रकारचे शब्द रोजच्या वापरांतले असतात. ते जिभेवर सहज येतात, डोळ्यांस खटकत नाहींत आणि वाचक पुढें निघून जातो; परंतु ग्रंथकर्त्याच्या काळीं त्यांचा अर्थ निराळा असतो. पहिल्या प्रकारच्या शब्दांची चिंता करण्याचें फारसें कारण नाहीं. तो शब्द दिसतांच वाचक थबकतो, कोश उघडतो, जाणत्यास विचारतो. दुसऱ्या प्रकारचा शब्द मात्र कोणास कांहीं विचारूं देत नाहीं. जुन्या ग्रंथांचा अर्थ अपरिचित शब्दांनीं जितका बिघडला आहे, त्याहून अधिक या परिचित दिसणाऱ्या शब्दांनीं बिघडला आहे, असें आमचें मत आहे. आणि पोथीसंग्राहकांशीं या मताचा संबंध काय, हें दाखविण्याकरितां हा लेख लिहीत आहों.

(२) प्रश्न नवा नाहीं. यास्काचार्यांच्या काळीं वेदांतले कित्येक शब्द लोकांस अपरिचित झाले होते. कौत्स नांवाच्या आचार्यानें तर मंत्रांस अर्थच नाहीं असा पक्ष मांडला. निरुक्तांत त्यास दिलेलें उत्तर प्रसिद्ध आहे: आंधळ्यास खांब दिसला नाहीं, तर तो खांबाचा अपराध नव्हे. शब्द निरर्थक वाटला, तर आधीं आपली दृष्टि तपासावी, हा त्याचा भावार्थ. जुन्या ग्रंथाचें संपादन करणारानें हें उत्तर सदैव डोळ्यांसमोर ठेवावें.

मराठींत या प्रश्नाची पहिली मोठी दखल आमच्याच गोदातीरीं घेतली गेली. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० त, नेवासें येथें सिद्ध झाली. पैठणच्या एकनाथांनीं तिचें संशोधन शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ त, पुरें केलें. मध्यंतरीं २९४ वर्षें गेलीं. ग्रंथ मूळचा अत्यंत शुद्ध असून पाठांतरांमुळें तो अबद्ध झाला होता, असें एकनाथ स्वतः सांगतात, आणि आपली ओंवी त्यांत कोणी घालूं नये असें कडक शब्दांत बजावतात. ओंव्या घालणारे लोक दुष्ट बुद्धीचे होते असें मानण्याचें कारण नाहीं. ग्रंथावर प्रेम करणारा लेखक नकलतांना जुना शब्द काढून आपल्या काळचा शब्द बसवितो, तेव्हां आपण श्रोत्यांची सोय करीत आहों असेंच त्यास वाटत असतें. पुढें १९०९ त वि. का. राजवाडे यांनीं एकनाथांच्या पूर्वींची म्हणून एक प्रत छापून प्रसिद्ध केली आणि तिच्या आधारें ज्ञानेश्वरींतील मराठीचें व्याकरण लिहिलें. त्या प्रतीच्या प्राचीनत्वाविषयीं पंडितांत पुष्कळ वाद झाला. परंतु शब्दांचीं जुनीं रूपें हाच ग्रंथाच्या वयाचा पुरावा आहे, ही दृष्टि त्या प्रकाशनानें मराठी अभ्यासकांस दिली, यांत संशय नाहीं.

(३) आतां कांहीं शब्द घेऊं.

पुसणें. जुन्या मराठींत याचा मुख्य अर्थ विचारणें. संस्कृत ‘प्रच्छ्’, प्राकृत ‘पुच्छ्’, त्याचें हें मराठी रूप. आज नगरांतील मनुष्यास पुसणें म्हणजे फडक्यानें स्वच्छ करणें. हा दुसरा धातु असून त्याचा संबंध ‘प्रोञ्छ्’शीं जोडतात. दोन निराळे धातु झिजत झिजत एका रूपास आले, आणि नागर भाषेंत एकानें दुसऱ्यास हुसकून लावलें. मात्र विष्णुपुरी व आसपासच्या गांवांत ‘त्याला पुस’ म्हणजे ‘त्याला विचार’ असें म्हणणारीं वृद्ध माणसें अजून आढळतात.

सांडणें. आज पाणी सांडतें, दूध सांडतें; म्हणजे हातून चुकून खालीं पडतें. जुन्या ग्रंथांत सांडणें म्हणजे बुद्धिपूर्वक टाकणें, त्याग करणें. साधकानें अहंकार सांडला असें वाक्य आलें, तर त्यांत चूक नाहीं, निश्चय आहे. शब्द एकच, पण आजच्या अर्थानें वाचल्यास साधकाचा पुरुषार्थच नाहींसा होतो.

वाखाणणें. आज याचा अर्थ स्तुति करणें. मूळ ‘व्याख्यान’, प्राकृत ‘वक्खाण’; म्हणून ज्ञानेश्वरींत अर्थ उलगडून सांगणें. गीता वाखाणली म्हणजे गीतेची तारीफ केली असें नव्हे, तिचें विवरण केलें.

उगा. आज ‘उगाच’ म्हणजे कारणावांचून. जुन्या भाषेंत उगा म्हणजे स्तब्ध, निःशब्द. हा अर्थ अगदीं मेला आहे असें वाटत असेल, त्यानें रडणाऱ्या लेंकराची समजूत घालणारी आई ऐकावी. ‘उगी उगी’ म्हणतांना ती सातशें वर्षांपूर्वींचा अर्थ जसाचा तसा उच्चारीत असते.

वाव. आज ‘येथें सुधारणेस वाव आहे’ असें लिहितात. म्हणजे जागा आहे, संधि आहे. ज्ञानेश्वरींतील ‘वावो’ म्हणजे मिथ्या, व्यर्थ. प्रपंच वाव आहे असें वचन आजच्या अर्थानें घेतलें, तर वेदांताचा सिद्धान्तच उलटा होईल.

राग आणि चेष्टा. हे तत्सम शब्द असल्यामुळें अधिक फसवे आहेत. राग म्हणजे संस्कृतांत आसक्ति, आवड. गीतेंत स्थितप्रज्ञाच्या वर्णनांत राग आणि क्रोध हे दोन्ही शब्द एकाच समासांत निरनिराळे आले आहेत, तेव्हां ते एकार्थी नाहींत हें उघड आहे. जुने मराठी टीकाकार राग शब्द याच अर्थानें योजतात. आज मराठींत राग म्हणजे क्रोध. तसेंच चेष्टा म्हणजे हालचाल, व्यापार. आज चेष्टा म्हणजे थट्टा.

कापडी. आज कापडी म्हणजे कापडाची, जसें कापडी पिशवी. जुन्या ग्रंथांतला कापडी हा संस्कृत ‘कार्पटिक’. तीर्थयात्रा करणारा, अंगावर चिंध्या पांघरलेला यात्रेकरू.

भांगार. जुन्या मराठींत भांगार म्हणजे सोनें. संस्कृत ‘भृंगार’ म्हणजे सोन्याची झारी, त्यावरून हा शब्द आला. आज ‘भंगार’ म्हणजे मोडतोड, टाकाऊ लोखंड. दोन्ही शब्दांचें मूळ एक नसावें. पण पोथींतील भांगारावरचा एक अनुस्वार व एक काना नकलतांना इकडेतिकडे झाला, कीं सोन्याचें मोल मोडीच्या भावावर येतें.

(४) ही गोष्ट मराठीपुरती नाहीं. इंग्रजींत १६११ त छापलेल्या बायबलाच्या भाषांतरांत ‘लेट’ हा शब्द कांहीं ठिकाणीं अडविणें या अर्थानें आला आहे. आजचा इंग्रजी वाचक त्याचा अर्थ करूं देणें असा घेतो. येथेंहि दोन निराळे धातु एकरूप झाले. आमच्या ‘पुसणें’चाच हा प्रकार. त्याच ग्रंथांत ‘प्रिव्हेंट’ म्हणजे आधीं जाणें, कारण लॅटिन मुळांत तोच अर्थ आहे. आज त्याचा अर्थ प्रतिबंध करणें. इंग्रजांनीं १८८१ व १८८५ त सुधारलेलें भाषांतर काढून असे कित्येक शब्द बदलले; पण १६११ चा पाठहि आपल्या जागीं जसाच्या तसा छापीत राहिले. सुधारणा निराळ्या पुस्तकांत झाली, जुन्या पुस्तकाच्या पोटांत झाली नाहीं. आमच्याकडे नेमकें याच्या उलट घडत आलें आहे.

(५) लोपलेल्या अर्थांचा शोध कोठें घ्यावा, याचें उत्तरहि यास्कानें देऊन ठेविलें आहे. ‘शव्’ हा गत्यर्थक धातु क्रियापद म्हणून कंबोज देशांतच बोलतात आणि आर्यांत त्यापासून झालेलें ‘शव’ हें नामच राहिलें आहे, असें तो सांगतो. कापणें या अर्थाचें ‘दाति’ पूर्वेकडे चालतें, तर उत्तरेकडे विळ्याचें नांव ‘दात्र’ एवढेंच उरतें. म्हणजे एका देशांत नष्ट झालेला प्रयोग दुसऱ्या देशांत जिवंत असूं शकतो. मराठीस हा नियम तंतोतंत लागू पडतो. पुण्यांत भांगार म्हटलें तर कोणास कळणार नाहीं. गोव्यांत कोंकणी बोलणाऱ्या सोनारास ‘भांगर’ म्हटल्याबरोबर कळेल, कारण तेथें सोन्याचें आजचें नांव तेंच आहे. रांधणें हा शब्द पुण्याकडे स्वयंपाक करणें या शब्दप्रयोगापुढें मागें हटला. पण कोंकणींत आणि वऱ्हाडाकडे तो टिकून आहे.

अंबेजोगाईच्या दासोपंतांचें (१५५१–१६१५) या बाबतींतील लिखाण मोठें उद्बोधक आहे. गीतार्णवांत ते संस्कृताभिमान्यांस विचारतात कीं, तुम्ही सर्वांस एकच ‘घट’ म्हणतां. पण हारा, डेरा, रांजण, सुगड, तवली हे भेद संस्कृतांत कसे सांगाल? यांतले डेरा, रांजण व सुगड आमच्याकडे कुंभाराच्या आव्यावर अजून ओळखीचे आहेत. संक्रांतीच्या वाणांत सुगड लागतें. त्या यादींतील इतर शब्दांसाठीं मात्र कोश उघडावा लागतो. जुना ग्रंथकार केवळ जुनेपणाकरितां शब्द योजीत नव्हता, तर त्या त्या वस्तूस जें नांव लोकांत होतें तेंच घेत होता, हें या एका उदाहरणावरून दिसेल. म्हणूनच त्यांचे अर्थ लावण्यास पंडितांइतकाच कुंभार, शेतकरी व दळणारी म्हातारी यांचा उपयोग होतो.

(६) महानुभावांचे ग्रंथ या दृष्टीनें विशेष मोलाचे आहेत. नांदेड जिल्ह्यांतील माहूर हें त्या पंथाचें मोठें स्थान. तेथील देवदेवेश्वराचें मंदिर प्रसिद्ध आहे. केशिराजबासांस संस्कृतांत लिहिण्यापासून नागदेवाचार्यांनीं परावृत्त केलें, कारण त्यामुळें साधीं माणसें धर्माला मुकतील, अशी स्मृतिस्थळांत कथा आहे. या निश्चयामुळें तेराव्या शतकाच्या अखेरचें बोलतें गद्य आपणांस मिळालें. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ प्रत यवनी स्वाऱ्यांच्या धामधुमींत नाहींशी झाली आणि शिष्यांनीं आठवणींवरून ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यामुळें त्याचे निरनिराळे पाठ झाले. तरीहि शब्दांचें जुनेपण पुष्कळ अंशीं राहिलें, याचें कारण पंथीयांनीं शब्दासच पवित्र मानलें.

या ग्रंथांत आदराचे शब्द वाचतांना फार जपावें लागतें. ‘गोसावी’ म्हणजे स्वामी. लीळाचरित्रांत तो साक्षात् चक्रधरांचा वाचक आहे. आज गोसावी म्हटलें कीं भिक्षेकरी किंवा एक विशिष्ट जात डोळ्यांपुढें येते. ‘राउळ’ हें मूळचें ‘राजकुल’. त्याचा अर्थ राजवाडा, मग राजा, मग आदराचें संबोधन आणि देवाचें मंदिर असा पसरत गेला. ऋद्धिपूरच्या श्रीप्रभूंस राउळ म्हटलें आहे तेथें मंदिर असा अर्थ घेतला, तर वाक्यांतला कर्ताच हरवतो. भोजनास ‘आरोगण’ आणि निद्रेस ‘पहुड’ हे शब्द पूज्य व्यक्तीसाठींच येतात. तेथें जेवण व झोंप हे शब्द घातल्यास अर्थ राहील, पण शिष्याची हात जोडलेली वृत्ति जाईल. उलट ‘बिढार’ हा शब्द आजच्या ‘बिऱ्हाड’ रूपांत सहज ओळखतां येतो. अक्षरांची अदलाबदल तेवढी झाली.

(७) शब्दांप्रमाणें प्रत्ययहि फसवितात. जुन्या ग्रंथांत ‘कीजे’ येतें, तें वाचून हिंदी आज्ञार्थाची सवय झालेला तरुण तेथें विनंति आहे असें समजतो. तें संस्कृत ‘क्रियते’, प्राकृत ‘किज्जइ’ याचें कर्मणि रूप आहे. केलें जातें, करावें असा त्याचा अर्थ. ‘अस्ति’पासून ‘अत्थि’ व त्यापासून ‘आथि’, ‘नास्ति’पासून ‘नाथि’. ‘अर्जुनातें’ यांतील ‘तें’ हा द्वितीयेचा प्रत्यय आहे, सर्वनाम नव्हे. नकललेल्या प्रतींत तो तोडून लिहिला कीं वाक्य लंगडें होतें.

लिपीचे घोटाळे त्याहून निराळे. ‘ख’ हें अक्षर ‘रव’ असें वाचलें जाण्याचा संभव असल्यामुळें पुष्कळ लेखक ‘ख’च्या ठिकाणीं ‘ष’ काढीत. पोथींत ‘देषिलें’, ‘मुष’, ‘लिषित’ असें दिसलें, तर ते कोणी नवीन शब्द नव्हेत. देखिलें, मुख, लिखित असेच त्यांचे उच्चार आहेत.

मोडी कागदांच्या संग्राहकांस आणखी एक उदाहरण सांगावेंसें वाटतें. पत्राच्या आरंभीं ‘समान मया व अलफ’ असें आलें, तर तेथें समानता नाहीं आणि मायाहि नाहीं. हे शुहूर सनाचे अरबी अंक आहेत: समान म्हणजे आठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, बेरीज ११०८. शुहूर सनाचें वर्ष मृगापासून सुरू होतें आणि त्यांत ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन निघतो. म्हणजे हें वर्ष १७०७–०८. मोंगलांच्या कैदेंतून सुटलेले शाहू महाराज जानेवारी १७०८ त साताऱ्यास सिंहासनावर बसले, तेंच हें वर्ष. त्या वर्षाचा कागद कोणाच्या घरीं असेल आणि ‘समान’ हा शब्द निरर्थक समजून नकलतांना गाळला असेल, तर इतिहासाचें किती नुकसान होईल हें सांगावयास नको.

(८) साधनें पूर्वीपेक्षां पुष्कळ आहेत. मोल्सवर्थचा कोश १८३१ त आणि त्याची वाढविलेली आवृत्ति १८५७ त निघाली. तिच्यांत त्या काळच्या बोलीचा खजिना आहे. दाते-कर्वे प्रभृतींचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळांत सात विभागांत झाला. शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश १९९९ त निघाला. त्यानें यादवकालीन शब्दांचें काम फारच सुकर झालें. पाठनिर्णयाच्या बाबतींत पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ ते १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करून वस्तुपाठच घालून दिला. दोन पाठांपैकीं जो अधिक दुर्घट तो बहुधा मूळचा, हें तत्त्व तेथें पाळलें गेलें. कारण लेखक कठिणाचें सोपें करितो, सोप्याचें कठिण सहसा करीत नाहीं. आम्ही यांत एवढीच पुरवणी जोडूं इच्छितों कीं, शब्द दोन्ही प्रतींत एकच असला तरी त्याचा दुर्घट अर्थ आधीं तपासावा.

परंतु कोश व नियम हे छापील ग्रंथांपुरते. मराठवाड्यांतील घराघरांत व मठांत ज्या पोथ्या आहेत, त्यांचें काय? ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. भाषेच्या प्राचीनतेचा पुरावा शेवटीं जुन्या शब्दांवर व रूपांवर उभा असतो, आणि ते शब्द या पोथ्यांत आहेत. वाळवी, ओल व पूर यांनीं पोथ्या जातात हें सर्वांस ठाऊक आहे. पण दुसऱ्या एका रीतीनें पोथी जाते ती कोणाच्या ध्यानांत येत नाहीं: ती ‘शुद्ध’ करून उतरविली जाते, उतरलेली प्रत सुवाच्य म्हणून सर्वत्र फिरते, आणि मूळ पोथी निरुपयोगी समजून नदींत सोडली जाते. संगणकावर उतरवितांना तर यंत्रच जुन्या रूपांखालीं तांबडी रेघ ओढतें व लिहिणारा ती पुसण्याकरितां शब्द बदलतो. एकनाथांच्या पूर्वीं २९४ वर्षांत जें झालें, तें आज एका दुपारींत होऊं शकतें.

(९) म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी. पोथी उतरवितांना अक्षरास अक्षर उतरवावें. ‘ष’ असेल तेथें ‘ष’, अनुस्वार असेल तेथें अनुस्वार. अर्थ समजला नाहीं तर तो समासांत लिहावा, पाठांत घालूं नये. शब्द सोपा वाटला तरी त्याच ग्रंथांत तो आणखी कोठें कोणत्या संबंधांत आला आहे, तें पाहून मग अर्थ ठरवावा. घरांतील व गांवांतील वृद्धांस तो शब्द पुसावा. प्रत्येक पानाचें छायाचित्र घ्यावें, आणि उतारा कितीहि चांगला झाला तरी मूळ पोथी टाकूं नये. पोथीच्या शेवटचा शक, लेखकाचें नांव व गांव यांची नोंद प्रथम करावी. तीं पानें बहुधा आधीं झिजतात.

पोथ्यांच्या शेवटीं लेखकाचा एक परिचित संस्कृत श्लोक असतो. जसें पुस्तक पाहिलें तसेंच लिहिलें, तें शुद्ध असो वा अशुद्ध, मला दोष देऊं नये, असा त्याचा आशय आहे. पुष्कळ लेखकांनीं तो केवळ रीत म्हणून लिहिला आणि तसें वागले नाहींत. जे वागले, त्यांच्यामुळेंच ‘वावो’ आणि ‘भांगार’ आपल्यापर्यंत पोंचले. पुढें आपल्या प्रतीवर कोणी काम करील, तेव्हां तें वचन आपल्या बाबतींत खरें ठरावें, एवढी काळजी प्रत्येक संग्राहकानें घेतली तरी पुरे आहे.